चावी वाचायची नसते हो!

वाचायची नसते हो ती! किती वेळा सांगायचं? चावी आहे ती, चावी... लावायची असते, वाचायची नसते! पण आमच्या मंडळाला हे कोण समजावणार? तुम्हाला सांगतो, पंधरा दिवस झाले, घास गोड लागत नाही.

आता मी कोण, तर चेतन. राहायला गोडादऱ्यात, नोकरी एका सॉफ्टवेअरवाल्याकडे, आणि समाजात कुठेही 'कॉम्प्युटर' हा शब्द निघाला की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. आमचं खान्देशी मंडळ दरवर्षी वधू-वर परिचय मेळावा भरवतं. यंदा ठरलं, मुलामुलींची माहिती इंटरनेटवर ठेवायची आणि सगळ्यांना एका दमात मेसेज पाठवायचे. त्यासाठी कंपनी देते एक चावी, एपीआय की म्हणतात तिला. म्हणजे काय, तर अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ. ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात चारशे बारा मुलींचे फोन नंबर! त्यात माझी धाकटी बहीण तेजस्विनीही आली. आता सांगा, जपायला नको?

मी जपली हो! आम्ही त्या काळ्या खिडकीत कमांड लिहून काम करतो ना, तिथे चावी सरळ टाइप केली तर खिडकी ती लक्षात ठेवते. वरचा बाण दाबा की पुन्हा समोर हजर! म्हणून मी ती अशी टाकत होतो की टाइप करताना पडद्यावर काही उमटतच नाही, आणि ती जाऊन बसते अशा फाइलमध्ये, जी फक्त मलाच उघडता येते. मागे उभे आमचे उपाध्यक्ष छगनभाऊ. "हाई काय शे भो? तू टाइप करी ऱ्हायना, पन दिसत काहीच नही! कीबोर्ड मरी गया का?" म्हटलं, भाऊ, दिसू नये म्हणूनच तर... "म्हंजे आमनापासून लपाडी ऱ्हायना तू?"

झालं! लगेच मीटिंग. काय आहे, मागे एका चिटणीसाने हॉलची चावी स्वतःच्या घरी ठेवली, त्यावरून मंडळ फुटलं, अगदी दोन गणपती बसायला लागले! तेव्हापासून ठरावच आहे, मंडळाची कुठलीही चावी एकट्याकडे राहणार नाही. अध्यक्ष वसंतकाका, निवृत्त मुख्याध्यापक, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणतात, "ती फाइल फक्त तुलाच उघडता येते? अरे, हे मंडळ आहे की तुझी जहागीर? चावी सभेत वाचली जाईल, इतिवृत्तात नोंदली जाईल!" सूचक छगनभाऊ, अनुमोदक अख्खी सभा.

आणि वाचली गेली हो! माईकवरून! "कॅपिटल क्यू, सात, स्मॉल जे..." मागून कुणीतरी ओरडलं, "क्यूनंतरचं परत सांगा!" परत सांगितलं गेलं! काकांच्या मिसेस शैलजाकाकूंनी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतली, ताडून पाहिली, फोटो काढला आणि टाकला ग्रुपवर. सातशे तीस माणसं! पंचवीस अंगठे, अकरा 'जय खान्देश', आणि चलथाणहून एकाचं 'खूप छान माहिती'. माहिती कसली? वाचायची नसते हो ती...

तिसऱ्या दिवशी तेजस्विनी आली आणि फोन माझ्यासमोर धरला. 'हाय.' 'हॅलो डिअर.' 'फोटो आवडला, फोन उचला ना.' तेवीस अनोळखी नंबर! कुण्या उपटसुंभाने ग्रुपवरची चावी लावली आणि अख्खी यादी उतरवून घेतली. तेजस्विनी कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये कॉम्प्युटर विभाग सांभाळते. "दादा, एकाला माझी मिल माहीत आहे. सुटायची वेळसुद्धा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथे जुनी चावी रद्द केली, नवी काढली आणि ठरवलं, आता प्राण गेला तरी कुणाला दाखवणार नाही.

पण रविवारी पुन्हा मीटिंग! "जुनी बंद केलीस ना? मग नवी वाच." काका, वाचायची नसते हो! "ठराव आहे." काका, मुलींचे नंबर... "ठराव आहे!" छगनभाऊंचं आपलं एकच, "चालो भो, पतावी टाक लवकर." म्हणजे उरकून टाक! तेवढ्यात मागून तेजस्विनी उठली. "काका, तुमच्या एटीएमचा पिनही इतिवृत्तात घेऊ या. सांगा." आणि आमचे काका, काय सरळ माणूस हो... "चार, सात..." म्हणून सुरुवातच केली! काकूंनी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

मग तिने ते तेवीस मेसेज वाचून दाखवले. एकेक करून, सावकाश. कुणी मान वर करेना. छगनभाऊ तर डोळे पुसायला लागले, त्यांची हर्षदाही यादीत आहे ना. त्यांनीच नवा ठराव मांडला की चावी यापुढे वाचायची नाही. टाळ्या! मी आपला छाती काढून उभा राहिलो, म्हटलं चला, आता दोन शब्द आभाराचे... तर छगनभाऊ पुढे म्हणतात, "आन चावी ऱ्हाईल तेजस्विनीकडे."

तिच्याकडे? का? मी काय घोडं मारलं?

तेजस्विनी म्हणाली, "दादा, त्या दिवशी माईकवर कोण होतं?"

आता... माईक हातात दिला, 'वाच' म्हणाले, अध्यक्ष आहेत, शाळेत शिकवलंय मला त्यांनी... वाचली मी! दोनदा वाचली! आवाज चांगला आहे माझा, असं सगळेच म्हणतात.

पाच मिनिटांत तिने माझी चावी रद्द केली आणि स्वतःच्या लॅपटॉपवर नवी घेतली. "दादा, तिकडे बघ." मी मुकाट्याने भिंतीकडे बघत बसलो. आता एक साधा मेसेज पाठवायचा तर तिला फोन करावा लागतो. काल मेळाव्याची वेळ बदलली, मी शेअर रिक्षात, तिथूनच केला फोन. तर म्हणते, "तुझ्या मोबाइलवर आत्ता सहा आकडे आले असतील, सांग बघू पटकन."

सांगितले! खणखणीत आवाजात! रिक्षात आणखी चार माणसं...

"नापास," म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.