राहनाळच्या गोडाऊनातल्या खुणा

जाईबाई: अवो, इकडं बघा. माझ्या तोंडाकडं. खेळाच्या सरांना काय सांगून आलात?

कोंडू: पाणी दे आधी. ऊन काय म्हणतंय बघ.

जाईबाई: हे घ्या. आता बोला. लेकानं, आपल्या धम्मपालनं, ड्युटीला जाताना तुमच्याकडनं तीनदा म्हणवून घेतलं. आमची पोरगी पुण्याला राहायला न्हाय येणार, एवढंच सरांना सांगा आन् तिला घेऊन या. आन् बाप त्याचा एकलाच आला.

कोंडू: येतेय ती मागनं, पोरींच्या टेम्पोतनं. जाई, तू कधी मनालीला खेळताना बघितलीस?

जाईबाई: मी कुठं बघणार? ती मळलेले कपडे आणते, मी धुते. नातीचा व्हॉलीबॉल मला तेवढाच ठाऊक.

कोंडू: मी पण आजच बघितली. वीस दिवस शिबिर चालू हाय, मी रोज फाटकाशी सोडून माघारी फिरायचो. आज हितेश सरांनी आत नेऊन खुर्ची दिली.

जाईबाई: केसरीनाथ शेठच्या गोडाऊनात?

कोंडू: हां. जुना माल गेला, नवा भाडेकरू अजून आला न्हाय. बाहेर पोरी भाजून निघतील म्हणून शेठनं मोकळं दिलं. एवढी मोठी जागा रिकामी मी कधी बघितली नव्हती. मधोमध नेट बांधलेलं. पलीकडं पडघ्याच्या पोरी, एकेक अशी उंच, आपल्या दारातनं वाकून येतील. अलीकडं आपली.

जाईबाई: आपली तर कोंबडीएवढी.

कोंडू: सगळ्यांत बुटकी तीच. पण ती मारत न्हाय. बॉल आला का बोटांवर झेलल्यासारखा घेते आन् मारणारीला वाढून देते. सेटर म्हणतात तिला. कुणाच्या पानात वाढायचं ते तिनं ठरवायचं.

जाईबाई: घरात पण तेच करते. स्वतःच्या ताटात शेवटी.

कोंडू: मला तर काय ऐकू येत न्हाय. पस्तीस वर्षं कापडाच्या लूमच्या धडधडीत काढली, कानात राहणार काय? बॉल आपटला का मला पायाला कळायचं, फरशीतनं. बाकी सगळं गपचूप. म्हणून असंल, मला तिचा हात दिसला.

जाईबाई: का? लागलं काय हाताला?

कोंडू: न्हाय गं. पाठीमागं न्यायची हात, कंबरेवर. बॉल पलीकडनं यायच्या आधी तिनं आपल्या पोरींना सांगायचं असतं, आता मी कुणाला देणार. समोरच्यांना कळू न देता. सगळ्या संघांत एक बोट, दोन बोटं, तीन बोटं अशी रीत हाय. ती आता सगळ्यांना पाठ झालीय. बाजूला बसलेल्या पोरी चोरून बघतात आन् आपल्यांना कळवतात. तर आपल्या पोरीनं काय केलं, दोन बोटं कातरीसारखी हलवली. अशी.

जाईबाई: म्हणजे?

कोंडू: धागा तुटला.

जाईबाई: कसला धागा?

कोंडू: ताण्याचा, लूमवरचा उभा धागा. माझी खूण हाय ती, जाई. कारखान्यातली. चाळीस लूम एका पत्र्याखाली चालतात, तिथं तोंडानं बोलून काय कळणार? माझा जोडीदार विठू चार लूम पलीकडं उभा असायचा. धागा तुटला, सुताची कांडी संपली, मुकादम आला, चहा घेणार काय. सगळं हातानं.

जाईबाई: ठाऊक हाय मला. आजा-नात दोघं घरात तेच करत बसता. मी सोंगं म्हणते त्याला.

कोंडू: ऐक तर. तिनं कातर केली, आन् मधली पोरगी, मानकोलीची निशा, बॉल यायच्या आधीच हवेत. बॉल नेटच्या वर वीतभर गेला असंल, तेवढ्यात निशानं हाणला. पडघ्याच्या पोरींचे हात वर जाईपर्यंत खाली. मग मनालीनं अंगठा फिरवला. म्हणजे कांडी संपली. बॉल पार डाव्या टोकाला गेला. मग मूठ आवळली.

जाईबाई: मूठ म्हणजे मुकादम. एवढं मला पण कळतं.

कोंडू: मुकादमच. तवा तिनं कुणालाच दिला न्हाय. द्यायला हात वर नेला आन् तसाच अलगद पलीकडं टाकला. समोरच्या सहा जणी नुसत्या बघत राहिल्या.

जाईबाई: लबाड हाय.

कोंडू: पंधरा-वीस माणसं बघायला होती. नगरपालिकेची, शाळांची, दोघंजण ठाण्याहून निवड करायला आलेले. सगळ्यांच्या माना बॉलच्या मागं फिरत होत्या. माझी मान आधी फिरायची. मी जिकडं बघायचो तिकडं बॉल यायचा. पाणी दे अजून.

जाईबाई: घ्या. दमानं प्या.

कोंडू: आमच्या खुणा बहुतेक खोळंब्याच्या गं. काय तुटलं, काय संपलं, कोण ओरडायला आलं. पस्तीस वर्षांत आम्ही हातानं दुसरं फारसं काय बोललो न्हाय. आन् त्याच खुणांनी ही पोरींना जमिनीवरनं उचलत होती. बोट हलवायची आन् पोरगी वर. मला वाटलं, हे माझ्या हातात होतं, आन् मला कधी दिसलं न्हाय.

जाईबाई: सगळं खरं. पण सरांना काय सांगितलं?

कोंडू: सर माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले. सगळ्या तालुक्यातनं पाच पोरी घेतल्यात, आन् पहिलं नाव मनालीचं. पुण्याला खेळाडू पोरींचं वसतिगृह हाय, तीन वर्षं शाळा आन् खेळ दोन्ही. पण म्हणाले, ती स्वतःच न्हाय म्हणतेय.

जाईबाई: मग झालं की. पोरीलाच जायचं न्हाय.

कोंडू: मी तिला हातानं विचारलं, का? ती बुटाची नाडी बांधायला बसली. मग सरांनीच सांगितलं. ती म्हणाली होती, मी गेले तर आजोबांशी बोलायला घरात कोण न्हाय. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं, जाई?

जाईबाई: मी.

कोंडू: काय?

जाईबाई: मी घातलं. बघा नीट तोंडाकडं. मी. खोटं काय हाय त्यात? विठू गेला तवा तुम्ही सहा महिने भिंतीकडं तोंड करून बसलात. धम्मपाल दोन वाक्यं ओरडतो आन् कंटाळतो. मी बोलले तर शेजारी विचारायला येतात, भांडण कशाचं चाललंय. ही एवढीशी होती, तुमच्या मांडीवर चढून हातवारे करायला लागली, तवा तुम्ही माणसात आलात. ती गेली का परत भिंत. मला न्हाय बघवणार ते.

कोंडू: मी सरांना सांगितलं, ती येणार.

जाईबाई: धम्मपालला न विचारता?

कोंडू: ओरडंल तो. ओरडू दे, मला कुठं ऐकू येतंय?

जाईबाई: आन् तुमचं काय?

कोंडू: माझं ऐक. खेळ संपला. ठाण्याच्या माणसानं विचारलं, या कुठल्या खुणा, कुणी शिकवल्या? आपल्या पोरीनं माझ्याकडं बोट केलं. तशा सहाच्या सहा पोरी वळल्या, घामानं निथळत, धापा टाकत. आन् सगळ्यांनी मला एकदम खूण केली.

जाईबाई: कसली?

कोंडू: चहा घेणार काय.

जाईबाई: मग?

कोंडू: मी म्हटलं, घेणार. हातानंच. मग पडघ्याची एक पोरगी पुढं आली, हरलेल्यांतली, आन् मला विचारायला लागली, ही कातर कशाची, हा अंगठा कशाचा. अर्धा तास त्यांना सांगत होतो. म्हणून उशीर झाला.

जाईबाई: डोळे पुसा. पोरगी येईल आता.

कोंडू: तू तोंड का फिरवलंस?

जाईबाई: बेचाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. परक्या पोरींना अर्ध्या तासात शिकवलंत. मला एक खूण दाखवली न्हाय कधी.

कोंडू: तू विचारलंच न्हाय कधी.

जाईबाई: आता विचारते. विठू तुम्हाला सगळ्यांत जास्त काय सांगायचा?

कोंडू: विठू? तो सांगायचा, तू जा, तुझे लूम मी बघतो. पाणी प्यायला, घटकाभर बाहेर जायला सुटी कुठं होती? शेजारच्यानं बघायचे.

जाईबाई: ती कशी करतात?

(कोंडू छातीवर तळवा टेकवतो, मग तोच हात दाराच्या दिशेने पुढे नेतो.)

जाईबाई: परत करा. हळू. पोरगी यायच्या आत मला आली पाहिजे.