भिंतीपलीकडचं नाक

—नाही गं, फोनवर मी बोलले ते खोटं नव्हतं, जरा जास्तच खरं झालं एवढंच. बस ना. ती पिशवी खाली ठेव आणि बस. पलीकडे काकूंचं आवरायला वेळ लागेल, एकेका कपड्याची दोनदा घडी घालतात, तुझी आईच ती, तुला मी काय सांगू. तोवर दूध ठेवलंय, चहा घेऊन जा. गाडीवाला थांबेल खाली, त्याला थांबायचेच पैसे देतेस ना.

तर काय म्हणत होते — हं, काकूंचे कान. ते गेलेत, खरंय. तू फोनवर त्यांच्याशी ओरडून बोलायचीस ते मला इथे बसून ऐकू यायचं. यायचं, म्हणतेय. आता काय बोलता मायलेकी, देवाला ठाऊक. हस, हस. मला या मजल्यावर सीसीटीव्ही म्हणतात, माहितेय मला. म्हणोत बापडे. पण त्या कॅमेऱ्याची काय दशा झालीय ते कुणाला सांगू? दाराला बघायचं भोक असतं ना, त्यात धुकं दिसायला लागलं. मी कापसानं पुसलं, साबणानं पुसलं, शेवटी सुताराला बोलावून नवं बसवून घेतलं — त्यातही धुकं. भांडले त्याच्याशी, मेल्या, जुनाच माल दिलास म्हणून. मग डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, बाई, दार ठणठणीत आहे, मोतीबिंदू तुम्हाला झालाय. आता सांग, त्या सुतारासमोर कोणत्या तोंडानं जाऊ? आणि भिंतीला कान असतात म्हणतात — असतील, आता भिंतीलाच उरलेत. मी काही म्हातारी नाही हं, साठी यायचीय अजून. पण लोकांच्या घरात नाक खुपसण्यात जन्म गेला, तर वरच्यानं नेमकं तेच नाक...

काही नाही. नाक कुठून आलं मध्येच. भाजीचं सांगत होते मी.

नव्हते सांगत? मग आता सांगते. रोज दुपारी मी वाटीभर भाजी नेऊन देते काकूंना, हे त्यांनी सांगितलंच असेल तुला. तू मागच्या खेपेला माझे हात धरून म्हणालीस, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं — अगं, ती वाटी त्यांच्यासाठी नसते. म्हणजे असते, पण आधी माझ्यासाठी असते. मला मीठ कळत नाही गं. खारट, अळणी, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. काकू एक घास खातात, भुवई वर गेली तर मीठ जास्त, पाणी न मागता वाटी संपवली तर जमलंय. मग मी घरी येऊन जेवते. हे होते तेव्हा ताटावर बसून कुरकुरायचे, खारट झालंय म्हणायचे. मी म्हणायचे, तुमच्या जिभेला हाड नाही. आता कुरकुरायलाही कुणी नाही, म्हणून तुझ्या आईची भुवई.

तू असं बघू नकोस. येतेय त्यावरच, गॅसच्या गोष्टीवर. मी तुला फोनवर काय म्हटलं — काकूंनी गॅस उघडा ठेवला, त्यांना वास येत नाही, एकट्या राहायच्या लायकीच्या नाहीत आता, येऊन घेऊन जा. असंच म्हटलं ना? झालं असं, की काकू स्वतःच माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, गॅसचा वास येतोय गं. मला तर काहीच येईना. मी म्हटलं, म्हणजे यांनीच काहीतरी करून ठेवलंय. गेले तरातरा, त्यांच्या शेगडीची बटणं पिळली, खिडक्या उघडल्या, वर त्यांनाच चार शब्द सुनावले आणि लगेच तुला फोन लावला. किती दिवसांनी काहीतरी कळवण्यासारखं सापडलं होतं गं मला. काकू मात्र हटून बसल्या, मेकॅनिकला बोलवाच. तो आला. त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहिला, हुंगलं, आणि सरळ चालत माझ्या घरात शिरला. माझी नळी चिरली होती. माझी.

तर मग परत फोन का नाही केला? रोज करणार होते. पण काय सांगणार होते — ताई, तुझ्या आईचं नाक शाबूत आहे, माझंच कामातून गेलंय? सगळ्या मजल्यानं टाळ्या वाजवल्या असत्या. म्हटलं, तू कामाची माणूस, कुठे लगेच येतेस. आणि तू आलीस की गाडी घेऊन. आणि त्या बाईनं तुला अजून एका शब्दानं सांगितलं नाही? नाहीच सांगणार. माझी लाज झाकतायत, आणि त्यापायी घड्या घालतायत. त्यांना कान नाहीत, मला नाक नाही, दोघींची मिळून एक धड बाई होते, त्यातली अर्धी तू आज—

थांब. काही बोलू नकोस. इकडे ये, या भिंतीला हात लाव. लागलं? परत लागलं? काकूंचं लाटणं आहे ते. दोनदा म्हणजे शेगडीकडे बघ, असं ठरलंय आमचं.

अगं बाई, दूध. खाली कोळसा झालाय नुसता. तुला केव्हापासून वास येतोय? आणि पदर नाकाला लावून गप्प बसलीस, मला वाईट वाटेल म्हणून? आईवर नाही गेलीस. ती भिंतीपलीकडून ओरडते.

सरक जरा, मला एकदा ठोकू दे. एकदा म्हणजे कळलं. त्यांना ऐकू येत नाही, पण तिकडून हात लावून उभ्या असतात, माझं उत्तर लागेपर्यंत हलत नाहीत. जा, बघ जाऊन, घड्या राहिल्या असतील तशाच पलंगावर. आणि आता मी जे बोलले ते त्यांना सांग, मोठ्यानं सांग, मजल्यानं ऐकलं तरी चालेल. मग काय न्यायचं ते तुझं तू ठरव.

जा ना. चहाची वाट बघू नकोस, दूध होतं कुठे आता.