चिंच-राखेनं घासलेलं घड्याळ

“चांदी नोहे, लोखंड हाय! तिच्या बापानं फसवलं तुले,” सासूबाई ह्यांना सांगत होत्या. मी दाराआड चहा घेऊन उभी. लग्नात बाबांनी दिलेलं मनगटी घड्याळ काळी पडलेली चांदी समजून त्यांनी चिंच-राखेनं घासलं होतं.

“पट्ट्याच्या कड्याबी नंतर डाक देऊन जोडल्या. खिशातलं जुनं घड्याळ हाय,” हे म्हणाले. “तिले माहेरी, अमरावतीले धाडून देतो.”

मी चहा ठेवला. त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

“पयली मनगटी घड्याळं अशीच असत, कड्या डाकलेली. लढाईत उन्हानं चमकू नये म्हणून पोलाद मुद्दाम काळं करत. बसऱ्याच्या लढाईवर गेलेल्या माह्या दादाचं एवढंच परत आलं. ते बाबांनी जावयाले दिलं. रविवारी बाबा येतील, तवा घालू नका. आता ते चमकते.”