आवाज उणो कर

सांगणारे: पुंडलिक, विजेच्या वस्तू दुरुस्त करणारे, हरमल

माझा जन्म सुर्ल्याचा. डिचोली तालुक्यातलं सुर्ला, खाणीचं गाव, तिथं पांढरा शर्ट वाळत घातला की संध्याकाळपर्यंत विटेच्या रंगाचा व्हायचा आणि आई म्हणायची, पुंडलिका, तू पांढरं घालूच नको, म्हणून मी अजून घालत नाही, हे बघा, आज पण निळाच आहे. बाप देवळात भजनाला पेटी वाजवायचा. माझा हात काही पेटीवर बसला नाही, पण ती उघडून आत काय आहे ते बघायची खोड लागली. एकदा एकादशीच्या सकाळी मी पेटी उघडली आणि संध्याकाळच्या भजनापर्यंत परत जोडता आली नाही. बापाने मारलं नाही, सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, पेटी नाही तर आता तूच गा. मी गायलो. मागीर दुसऱ्या दिवशी त्याने मला डिचोलीच्या बाजारात एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मास्तरांकडे नेऊन बसवलं, की ह्याला उघडायला येतं, बंद करायला शिकवा.

मास्तरांकडे वाल्व्हचे रेडिओ यायचे, काचेचे दिवे असलेले, चालू केला की गरम व्हायला वेळ घेणारे. मास्तरांचं एकच सांगणं असायचं, गिऱ्हाइकाने वस्तू आणली त्यापेक्षा बरी करून दे. घरघर गेली पाहिजे, खरखर गेली पाहिजे, आवाज कसा धुतल्या तांदळासारखा यायला पाहिजे, आणि शेवटी आपल्याकडून एक काहीतरी जास्त करून द्यायचं, न सांगता, नवी वायर म्हणा, नवं बटण म्हणा, त्याचे पैसे मागायचे नाहीत. मी आयुष्यभर ते पाळलं. चांगलंच शिकवलं होतं त्यांनी, मी त्यांना दोष देत नाही. पण आता जे सांगतो ते त्यातूनच झालं.

मग खाणीच्या ट्रकांची कामं आली, डायनामो, सेल्फ, हॉर्न, ट्रक इतके की जेवायला वेळ नाही. आणि एक दिवस खाणी बंद. काय सांगू तुम्हाला, ज्या रस्त्यावर ओलांडायला अर्धा तास थांबायचो तिथं कुत्रे झोपायला लागले. माझी बायल शेवंती हरमलची. ती म्हणाली, इथं कोणाची वाट बघताय, ट्रकाची? चला माझ्या गावाला. तिच्या भावाने घराची पुढची खोली दिली. तेव्हापासून इथं आहे. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, किनाऱ्यावरच्या शॅकांचे स्पीकर, खारं वारं लोखंड खातं म्हणून आमचं पोट भरतं.

तर मांद्र्याचे आगुस्तीनबाब. एक दिवस स्कूटरवर मागे काथ्याच्या दोरीने बांधून एक मशीन घेऊन आले. गिटारीचं मशीन, म्हटल्यार गिटारीची वायर त्यात लावायची आणि त्यातून आवाज येतो, एवढी मोठी पेटी, वाल्व्हची. मी इतक्या वर्षांनी वाल्व्ह बघितले आणि मला मास्तर भेटल्यासारखं झालं. आगुस्तीनबाब सत्तरीचे, उंच, पाठीत थोडे वाकलेले, तरुणपणी बोटीवर बँडात गिटार वाजवायचे. ते म्हणाले, हूं हूं करता आणि फ्यूज उडयता, पळय जाल्यार. एवढंच सांगितलं त्यांनी. फ्यूज उडतो, तेवढंच बघ.

पण मी काय तेवढंच बघणार? मी सगळं बघितलं. कंडेन्सर गेलेले, ते बदलले, फ्यूज उडायचा थांबला. तिथं काम संपलं होतं. पण स्पीकरचा कागद एका बाजूने फाटलेला दिसला, तो आतून पातळ कापड लावून चिकटवला. कोळ्याची जाळी काढली, बटणं साफ केली. आणि वरचं एक काहीतरी म्हणून घरात पडलेला एक स्टॅबिलायझर मशीनच्या पाठीला पक्का बसवून दिला, की वाल्व्ह आता कुठं मिळतात, वीज कमी-जास्त झाली तर जळायला नकोत. दुकानात लावून बघितलं. धुतला तांदूळ. शेवंतीला हाक मारून ऐकवलं.

पंधरा दिवसांनी आगुस्तीनबाब आले. मशीन आणलं नव्हतं. ह्या इथंच बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, पुंडलिक, आवाज खंय गेलो? कुठं गेला आवाज? मी म्हटलं, बाब, आता स्वच्छ येतो ना? ते म्हणाले, स्वच्छ येता, म्हणूनच विचारतां. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बायको पियेदाद, पियेदादबाय म्हणतो आम्ही, तिला लकवा झालेला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, माणूस ओळखते की नाही ते पण कळत नाही. बोट सोडून आगुस्तीनबाब घरी आले तेव्हापासून दर आयताराला, म्हणजे रविवारी, संध्याकाळी ते गिटार वाजवायला बसायचे आणि ती रांधपाच्या खोलीतून ओरडायची, आवाज उणो कर. उणो म्हणजे कमी. सगळा संसार हेच, हा वाजवणार, ती उणो कर म्हणणार, हा थोडा कमी करणार, मग हळूच परत वाढवणार. लकव्यानंतर तोंडातून शब्द येईना, पण त्यांनी वाजवायला घेतलं की तिचा डावा हात चादरीवरून वर यायचा आणि तळवा खाली करून दोनदा दाबायची. उणो कर. डॉक्टरने काही विचारलं तरी न हलणारा हात, तेवढ्याला हलायचा. आता मी दुरुस्त केल्यापासून दोन आयतार झाले, हात हललेला नाही. ते म्हणाले, तिका दिसता दुसरोच कोण वाजयता, तिला वाटतं हा मी नव्हेच.

 मी म्हटलं, मशीन परत आणा, मी जसं होतं तसं करून देतो. त्यांनी विचारलं, कसं होतं ते तुला माहीत आहे? मला कुठं माहीत असणार, बिघडलेलं असताना मी ऐकलंच नव्हतं, हूं हूं ऐकली आणि बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं आणि त्याच्याबरोबर एक कॅसेट. आगुस्तीनबाब म्हणाले, माझा आवाज हा नव्हे, पण ह्याच्याच घरचा. बोटीवर लोकांच्या जेवणाच्या वेळी गोड गोड वाजवायचो आणि माझ्या खोलीत जाऊन ह्याला ऐकायचो. कॅसेटवर होता कुणी गोरा गिटारवाला, काळ्या लोकांच्या दुःखाची जुनी गाणी शिकून मोठ्या मशीनवर वाजवणारा. नाव माझ्या तोंडात नीट बसत नाही, मी त्याला बुवाच म्हणतो, आमच्या भजनातल्या बुवासारखा.

पहिले चार दिवस मला तो आवाज म्हणजे फाटका भोंगाच वाटला. हात शिवशिवायचे, की ह्याचं मशीन माझ्याकडे आणा रे कोणीतरी. शेवंती म्हणाली, हा रडतोय की भांडतोय? मी म्हटलं, ऐकूया. पंख्यांच्या मोटरीत तार भरताना लावून ठेवायचो, एकच कॅसेट, तीन आठवडे. मग हळूहळू कान बसायला लागला. पहिली गोष्ट, हा बुवा थोडं वाजवतो. आमच्या शॅकांतली पोरं गिटार घेतात ती तांदूळ सांडल्यासारखी वाजवतात. हा एक ओळ गातो, थांबतो, आणि मग गिटार त्याला उत्तर देते, जसा बुवा अभंगाची ओळ म्हणतो आणि मागचे झील धरतात, तसं. फक्त झील धरणारा पण हाच. आणि उत्तर तेच देत नाही, कधी हो म्हणते, कधी म्हणते, खोटं बोलतोस तू.

दुसरी गोष्ट तारेची. तार दाबून वर ढकलतो, सूर खालून चढतो, आणि जिथं पोचायला पाहिजे तिथं अगदी जरा अलीकडे थांबतो, तिथंच थरथरतो. आपल्याला वाटतं, अरे पोच बाबा. पोचत नाही. माझा बाप म्हणायचा, पेटीवर सगळं येतं, मींड येत नाही, दोन पट्ट्यांच्या मधली जागा देवाने पेटीला दिली नाही. हा बुवा त्या मधल्या जागेतच राहायला गेलेला. मला बाप आठवला आणि वाटलं, त्याला हे ऐकवायला पाहिजे होतं. रडू आलं, खरं सांगतो, हातात पंख्याची मोटर आणि मी रडतोय.

आणि तिसरी गोष्ट, ती कळली तेव्हा मी कॅसेट दहा वेळा मागे घेतली. तो जोरात तार मारतो तेव्हा आवाज उडी मारून येत नाही. आधी जरा दबतो, श्वास घेतल्यासारखा, आणि मग भाकरी तव्यावर फुगते तसा फुगत येतो. माझ्या दुरुस्त मशीनवर मारला तर टण्णकन येतो आणि जातो. मी म्हटलं, हे स्पीकरच्या कागदामुळे. चिकटवलेलं कापड फाडून काढलं. आवाज फाटका झाला, बुवाचा झाला नाही. तरी ते मशीन घेऊन आयताराला मांद्र्याला गेलो.

आगुस्तीनबाबचं घर वाड्याच्या टोकाला, विजेचा शेवटचा खांब त्यांच्या माडाला टेकलेला. पियेदादबाय जनेलाजवळ खाटेवर, स्वच्छ, केस विंचरलेले, आगुस्तीनबाबच विंचरायचे. त्यांनी वाजवलं. आम्ही दोघं तिच्या हाताकडे बघतोय. हात चादरीवर तसाच. अजून एकदा वाजवलं. मग गिटार खाली ठेवली आणि म्हणाले, जावं दी पुंडलिक, तुवें बरेंच करपाक पळयलें. तू चांगलंच करायला बघितलंस, असू दे म्हणाले. ते असू दे मला लागलं.

ते चहा करायला आत गेले, तिन्हीसांजा झाल्या होत्या म्हणून जाताना दिवा लावून गेले. किनाऱ्यावरच्या सगळ्या शॅकांचे दिवे त्याच वेळेला लागतात, वीज तिकडे ओढली जाते, आणि ह्यांचा बल्ब पिकल्या केळ्यासारखा पिवळा. मी आपला बसलोय. तेवढ्यात आत फ्रीज चालू झाला, आणि बल्ब जरा दबला, आणि मग हळूहळू परत भरला. मी उठून उभा राहिलो. दबला आणि भरला. हेच तर मी तीन आठवडे ऐकत होतो.

मी हाक मारली, बाब, तुमच्याकडे वीज नेहमी अशीच? ते आतून म्हणाले, लग्न झाल्यापासून अशीच, शेवटच्या खांबाक कितें उरता? मी मशीनच्या पाठीमागे बघितलं. तिथं माझा स्टॅबिलायझर, फुकट दिलेला, हिरवा दिवा लावून ऐटीत बसलेला. सगळं आयुष्य ते मशीन अर्धपोटी चाललं होतं, जोरात मारलं की दम लागायचा, आणि तोच ह्यांचा आवाज. मी त्याला पोटभर जेवायला घातलं होतं.

स्टॅबिलायझर काढला, वायर सरळ भिंतीला लावली. आगुस्तीनबाब चहा ठेवून बसले. पहिलीच तार मारली, ती दबली, फुगली, जनेलाची काच थरथरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे नाही बघितलं, मी हाताकडे बघत होतो. ते वाजवत राहिले, तार वर ढकलली, ती जरा अलीकडे थांबली, आणि पियेदादबायचा डावा हात चादरीवरून वर आला. तळवा खाली. दोनदा.

आगुस्तीनबाबने आवाज कमी केला. आणि हळूच परत वाढवला. हात परत आला. चहा थंड झाला, आम्ही कोणी प्यालो नाही.

त्या दिवसापासून माझी रीत बदलली. मास्तरांना क्षमा मागून बदलली. आता कोणी वस्तू आणली की मी आधी विचारतो, काय बिघडलंय ते मागीर सांग, काय बरं चाललंय ते पहिलं सांग. लोक हसतात. एक म्हातारी मिक्सर घेऊन आलेली, ती म्हणाली, बरं काही चालत नाही, पण चालू केला की मांजर पळून जातं, तेवढं ठेव. ठेवलं. तो स्टॅबिलायझर तिथं वर फळीवर आहे बघा, कोणाला देत नाही.

पियेदादबाय गेल्या पावसाळ्याच्या आधी गेली. झोपेत गेली, त्रास काही झाला नाही, देव तिचं बरं करो. मला वाटलं आगुस्तीनबाब आता वाजवणार नाहीत. पण वाजवतात, दर आयताराला, त्याच वेळेला, दिवे लागताना. मी जातो, बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर बसतो, शेवंती पण कधी येते, तिला आता बुवा भांडतोय ते आवडतं. माझं वय झालं, हाताला कंप आहे, खाणी चालू झाल्या काय आणि नाही झाल्या काय, मी काही आता सुर्ल्याला जात नाही. बरं चाललंय. फक्त एक आहे, ते मशीन मोठ्याने वाजवलं तरच तो आवाज नीट येतो, हे त्यांना माहीत आहे, मला पण माहीत आहे. आता घरात सांगणारं कोणी नाही. तरी दोन गाणी झाली की ते स्वतःच हात पुढे करतात आणि आवाज उणो करतात.