काथासारखं रगत

माहं माहेर नाकाडोंगरीच्या तिकडचं, जंगलाच्या कडेचं. आमी ढिवर, तं मासोळीशिवाय दुसरं काई पाह्यलंच नाई मी. मायसंग टोपली घेऊन हिंडली, मायनंच शिकवलं का मासोळी घ्याची तं कल्ला उचलून पायाचा, लाल असन तं ताजी. मंग लग्न होऊन सानगडीले आली अना बाजारात बसाले लागली, नवरा गेला तवाबी बसली, आता केस पांढरे झाले तरी बसूनच राहिली.

मासोळी माह्या देराच्या बोडीतली. देर म्हंजे नवऱ्याचा लहाना भाऊ, रामदास, त्याची शेताच्या खाली लहानी बोडी, म्हंजे तळं, हाय, तो पोसते, मी इकते. एका वर्सी त्याले कोनी सांगतलं का कोंबडीखत टाक, मासोळी लवकर फुगते. तं त्यानं ट्रॅक्टरनं खत आनून टाकलं, वरून रोज कोंड्याचा अन् ढेपीचा, म्हंजे पेंडीचा, ढीग. पानी हिरवं झालं, वास माराले लागलं. मी म्हनली, रामदास, एवढं कायले टाकतं? तो म्हने, वयनी, खाऊ दे ना, मोटी होतीन.

मंग तो बाजाराचा दिवस. आमच्या गावचे एक गुरुजी, रिटायर झालेले, नेहमी माह्याचकडून घेत. त्यायनं रोहूचा कल्ला उचलला अना तसाच हात मागं घेतला. म्हने, कौतिकाबाई, शिळी देता का मले? मी म्हनली, गुरुजी, अजून शेपूट हालवून राह्यली ना ते! मंग मीच पाह्यलं. कल्ला भुरा, पुरा भुरा. इळीवर कापली तं रगत निंगालं काथासारखं, पानावर लावतो ना आपन काथ, तसं. जितीजागती मासोळी अन् रगत असं, मी उभ्या जल्मात पाह्यलं नोतं. गुरुजी पिशवी घडी करून चालले गेले. मी टोपलीवर फडकं टाकलं अन् घरी आली.

रामदास म्हने, मुंडकं तोडून इक, कोन पायते? मी म्हनली, मी नाई इकत. तो म्हने, मंग कायले बसतं बाजारात? असं बोलला तो मले, लेकरावानी वाढवलेला देर.

दोन दिवसानं मासोळ्या भर दुपारी वर येऊन तोंड उघडाले लागल्या, अन् मंग पांढरं पोट करून तरंगाले लागल्या. रामदास बांधावर उभा राहून बाजूच्या शेतवाल्याले, शिवराम त्याचं नाव, वाट्टेल ते बोलला. तूच औषध सोडलं माह्या पान्यात म्हने, पोलिसात देतो तुले. शिवरामची बायको रडाले लागली.

मले काई पटेना. मी एका डब्यात बोडीचं पानी घेतलं, त्यात एक जिती मासोळी टाकली, अन् यष्टीनं भंडाऱ्याले गेली. कंडक्टर म्हने, बाई, सांडू नोको. तिथं मासोळीच्या हापिसात एक मॅडम होत्या, पोरगीच म्हना. तिनं पान्यात कागदाची पट्टी बुडवली, कल्ला पाह्यला, अन् म्हने, आजी, विष कोनी टाकलं नाई, तुमीच तयार केलं. खत अन् उरलेलं खानं सडते, त्याचा अमोनिया होते, त्याचं पुढं नायट्राइट होते, ते रगतात गेलं का रगत भुरं पडते, मंग पान्यात हवा असून मासोळीले घेता येत नाई, जागच्या जागी गुदमरते. खानं बंद करा, चांगलं पानी सोडा, खडेमीठ टाका. किती टाकाचं थे तिनं कागदावर लिहून देल्लं.

मीठ तं आनलं. पन चांगलं पानी कुठलं? जवळ मोटारीची इहीर एकच, शिवरामची. रामदास खाली मान घालून बसला. मंग मीच गेली. म्हनली, भाऊ, चुकलं आमचं, पानी पायजे. त्यानं माह्याकडं पाह्यलं, बायकोकडं पाह्यलं, अन् मोटारीची कळ दाबली. चार दिवस त्याचं पानी आमच्या बोडीत पडत होतं.

अर्ध्या मेल्या, त्या खड्ड्यात पुरल्या. अर्ध्या जगल्या. गुरुजी काई माह्याकडं फिरून आले नाई, आता दुसरीकडून घेतात, घेवोत बापा.

शिवरामकडं मासोळी चालत नाई, माळकरी मानूस हाय, तं द्याचं तरी काय त्याले? रामदासनं त्याले माफी मागतली नाई अजून, तोंडातून निंगतच नाई त्याच्या. पन दर वर्सी रोवना आला का तो न बोलावता शिवरामच्या बांधीत, धानाच्या शेतात, उतरते, दिवसभर चिखलात वाकून धान लावते, संध्याकाळी पाय धुऊन घरी येते. मी बांधावरून पायते अन् मनात म्हनते, राहू दे बापा असंच, त्या इहिरीचं पानी कदी आटू नये.