कोरी फिल्म

—अहो काका, वर्गणी नाही मागत मी! सही हवीय फक्त. डबा दिसतोय का टेबलावर? नाही ना? मग! जगभरातल्या अणुबॉम्बवर बंदी घाला, एवढंच लिहिलंय वर. सहीनं काय होणार? सकाळपासून हेच विचारतायत सगळे. एकट्या सहीनं काही नाही होत — पण पुढच्या आठवड्यात परिषद आहे, देशोदेशीचे लोक येणारेत, त्यांच्यासमोर पाच मिनिटं बोलायचंय मला, आणि हा गठ्ठा असा धप्पकन आपटायचाय. बसा ना, खुर्ची रिकामीच आहे.

काय बोलणार? बाबांबद्दल. वेल्डर होते, नदीपलीकडच्या कारखान्यात — हो, तोच, बॉम्बचा माल बनायचा तो. घरी सांगायचे, 'आम्ही नळ जोडतो.' नळ! छातीवर बिल्ला असायचा सगळ्यांच्या. आत काळ्या कागदात फिल्मचा तुकडा. किरणं लागली की फिल्म काळी पडायची, महिनाअखेर तपासायचे, फार काळी निघाली की माणूस घरी. बाबांची अकरा वर्षं कोरी. आणि मग रक्ताचा कॅन्सर. कारखान्याचं पत्र आलं — नोंदीनुसार किरणांशी संपर्क नाही. दोन ओळी, संपलं.

कारखान्यानं नोंदी खोट्या केल्या, असं म्हणणारेय मी परिषदेत. लिहून ठेवलंय. टाळ्याही पडतील. पण — नाही केल्या हो त्यांनी. फिल्म कोरीच होती. कारण ती... हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतेय कोण जाणे... कारण ती माझ्या दप्तरात असायची. कंपासपेटीत. बाबा नुसता रिकामा बिल्ला लावून जायचे. 'सांभाळ हं, बाबांची नोकरी आहे ती.' आणि मी सांभाळली! गणिताच्या तासाला हात लावून बघायचे — आहे ना जागेवर? एक दिवस, एकच दिवस हरवली असती माझ्या हातून, तर बाबा तेव्हाच घरी बसले असते! वेंधळी म्हणायचे मला सगळे. छत्र्या हरवल्या, डबे हरवले. ती नाही हरवली. आता कुठेही पत्र्याचं झाकण वाजलं ना, की माझा हात आपोआप दप्तर शोधतो.

सगळेच करायचे म्हणे तसं. पण बोलणारं कुणी नाही. मी एकटी खरं बोलले तर म्हणतील, तुझ्या बापानंच फसवलं. दुसरं कुणी शेजारी उभं राहिलं असतं तर...

काका? पेन का थांबलं? आणि हात — नाही, सहज विचारतेय — खिशावर का गेला? डाव्याच. बाबांचाही जायचा असा, घरी बसल्यावरसुद्धा, बिल्ला आहे का बघायला.

सहीचं राहू द्या. एवढंच सांगा — तुमची फिल्म कुणाच्या दप्तरात असायची?

उठलात?

बरं. पेन तेवढं ठेवून जा. माझ्याकडे एकच आहे.