तिसरा खाना

—तिथे नको, वहिनी, त्या स्टुलावर बस, आणि कोपर टेबलावरून काढ. टेबल हललं की चित्र हलतं आणि सगळं मुसळ केरात. अंधार राहू दे, डोळ्यांना सवय होते. चौकीदाराला मी सांगितलंय की भावजय आहे माझी, यंत्र बघायला आलीये — सुट्टीच्या दिवशी इथे कुणी फिरकत नाही, तू निवांत बस. मी? मी बसलेलीच आहे की. पाय हलतोय? हलू दे, टेबलाला लागत नाहीये.

बघ, पडद्यावर तीन खाने. डावीकडे आमच्या लॅबमधल्या नेहमीच्या पेशी, ठणठणीत. मधल्या छकुलीच्या — डॉक्टरांनी तिच्या दंडाची कातडी घेतली ना, तू तोंड फिरवलं होतंस, त्यातून वाढवल्यात मी. आणि उजवीकडे — एक खाना रिकामा होता, म्हणून माझ्या टाकल्या. सहज आपलं. हिरवं चमकतंय ते प्रोटीन, ज्याच्या जिवावर हाडं धरतात ते. सध्या आत बांधून ठेवलंय. आता हा थेंब टाकला — साधं जीवनसत्त्व आहे — की ते सुटणार आणि बाहेर जायला निघणार. टाकला. झालं. आता नुसतं बघत बसायचं, आणि तेच मला जमत नाही.

निघणार कसं म्हणजे? अगं, पेशीत खोल्या असतात, पण दारं नसतात. भिंती पातळ, तेलकट, साबणाच्या फुग्यासारख्या. मग माल या खोलीतून त्या खोलीत जायचा कसा? तर भिंतीलाच फुगवटा येतो, त्यात माल भरतो, फुगवटा तुटून त्याची पिशवी होते, ती पिशवी जाऊन पुढच्या भिंतीला चिकटते आणि तिच्यातच विरघळते — माल आत, पिशवी भिंतीत जमा. म्हणजे नुसतं प्रोटीन जात नाही, भिंतीची चरबीपण जाते. मग मागची भिंत संपून जाईल की — नाही संपत, पुढून पिशव्या परत येतात. सारखी ये-जा. आत्ता, तुझ्यात, माझ्यात, आपण इथे बसलोय तरी. पण हाडाचं हे प्रोटीन लांबलचक, साध्या पिशवीत मावत नाही, त्याला मोठी पिशवी लागते, आणि ती बनवणारे कामावर आले नाहीत की माल पहिल्याच खोलीत तुंबतो. डॉक्टरांना तसं वाटतंय. नुसतं वाटतंय. रक्त मोठ्या लॅबला पाठवलंय, तिथून कळायचं तेव्हा कळेल, मला काही धीर धरवेना. त्यांना न विचारताच लावलंय मी हे. 

आणि तुला तरी कुठे धीर आहे? दीड वर्षाची पोर, टाळू भरत नाही, पाय टेकवला की वाकतो, आणि घरात आईचं एकच तुणतुणं — हिचं दूधच पातळ, हिच्या माहेरचीच हाडं भुसभुशीत, आमच्याकडे कुणाला कधी काही झालं नाही. दादा पेपरात डोकं घालून बसतो. आणि तू गप्प. एवढं गप्प कसं राहवतं गं तुला? मी असते तर ताट भिरकावलं असतं. मी आईला सांगितलं, हे एका बाजूनं आलं तर कुणाला काही होत नाही, दोन्हीकडून यावं लागतं, थोडं वहिनीकडून, थोडं दादाकडून. तर म्हणते, चार बुकं शिकलीस आणि घरावरच उलटलीस. आता तिच्याशी कोण डोकं फोडणार — थांब. डावीकडे बघ. गोळा होतंय, दिसलं? आधी सगळीकडे जाळं होतं, ती पहिली खोली; आता एका बाजूला गाठोडं झालंय, ती पुढची. हे बरोबर. आता इथून ते काठाकडे जाणार.

मधल्यात — मधल्यात थांबू जरा. कधी कधी उशीर लागतो. हे बघ, डावीकडचं काठाला पोचलंसुद्धा. मधलं — नाही, वहिनी. जाळं आहे तसंच आहे. हललंच नाही. म्हणजे तेच आहे गं, डॉक्टर म्हणत होते तेच. रड, रडून घे. पण एक ऐक, दुधाचा काही संबंध नाही, तू तिला अमृत पाजलं असतंस तरी हे आतल्या आतच अडकलं असतं. एवढं तरी आज कळलं ना? कळलं ना?

उजवीकडे नको बघूस. ते माझं आहे, त्याचं काही नाही. बरं, बघ. खाना आपसूक रिकामा राहिला नव्हता, मीच माझ्यासाठी ठेवला होता. मलाही दिवस गेलेत. तिसरा महिना. आमच्या ह्यांना माहितीये, आईला नाही. म्हटलं दादाकडे असेल तर माझ्याकडेही असू शकतं, एकदा बघून टाकावं आणि मोकळं व्हावं, रात्रभर छताकडे बघत कोण पडणार — आणि निघालंय की थोडं. बघ ना, काठाला आहे हिरवं. डावीकडच्याएवढं नाही, पण निघालंय. अजून थोडा वेळ देऊ.

नाही. अर्धं तिथेच आहे.

एकट्या माझ्याकडून काही होत नाही, मला माहितीये, मीच तुला आत्ता सांगितलं. ह्यांचीही कातडी घ्यावी लागेल, ती चांगली निघाली तर प्रश्न मिटला. निघेल चांगली. निघणारच. पण भीती वाटतेय गं, वहिनी, इतकी कधी वाटली नव्हती. आणि हे माझ्यात आलं कुठून — आईकडून की बाबांकडून, देव जाणे, पण घरातूनच ना. तू या घरात पाऊल टाकायच्या आधीपासून.

रडायचं तू, आणि मलाच थोपटतेस? काढ तो हात. नको — राहू दे थोडा वेळ.

बरं, ऊठ आता. छकुली जागी झाली असेल. आईला तू काही सांगायचं नाहीस, मी येते संध्याकाळी आणि सांगते. बोलणी खायची तुझी पाळी संपली, आता मी खाते. जा तू. दार ओढून घे.